मदत हवी आहे : ‘लांडगा’ या शब्दाची व्युत्पत्ती आणि त्याचे कन्नड, तेलुगू प्रतिशब्द

नमस्कार मंडळी,

सोलापूर परिसरातील माळरानांवरच्या प्राण्यांची ओळख करून देणारा एक फलक आम्ही काही जण तयार करीत आहोत. अक्कलकोटकडे कन्नड आणि शहराच्या पूर्व भागात तेलुगू सर्रास बोलली जात असल्यामुळे प्रत्येक प्राण्याचे नाव तिन्ही भाषांत द्यावे आणि खाली मराठी नावाचे मूळ सांगावे, असे ठरले आहे. तरसाचे काम लगेच झाले, कारण त्याचे मूळ संस्कृत ‘तरक्षु’. घोडे अडले आहे ते लांडग्यापाशी.

संस्कृतात लांडग्याला ‘वृक’ म्हणतात आणि भीमाचे ‘वृकोदर’ हे नावही त्यावरूनच आले आहे. फारसी ‘गुर्ग’, रशियन ‘वोल्क’ आणि इंग्रजी ‘वुल्फ’ हे सारे त्याच्याच कुळातले. हिंदीतील ‘भेडिया’ मेंढीशी नाते सांगतो. मराठीने मात्र हे दोन्ही सोडून ‘लांडगा’ कोठून घेतला? ‘लांडा’, म्हणजे तोकड्या शेपटीचा, यावरून तो आला असे काही जण सांगतात. पण लांडग्याची शेपटी चांगली झुपकेदार, टोकाला काळसर आणि खाली लोंबणारी असते, तेव्हा हे स्पष्टीकरण मला तरी ओढूनताणून बसवलेले वाटते. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्ग-अभ्यासक सायक्स यांनी 1831 मध्ये दख्खनच्या लांडग्याला दिलेल्या ‘पॅलिपेस’ या लॅटिन नावाचा अर्थ ‘फिकट पायांचा’ असा चटकन लागतो आणि आपल्याच शब्दाचा लागत नाही, ही गंमतच म्हणायची.

प्रतिशब्दांपैकी कन्नड ‘तोळ’ आणि तेलुगू ‘तोडेलु’ हे कोशात मिळाले असून दोन्ही एकमेकांच्या नात्यातले दिसतात. कन्नडमध्ये दंडाला ‘तोळु’ म्हणतात, त्यामुळे छपाईत एका उकाराने घोटाळा व्हायचा, म्हणून कन्नड लिपीतील अचूक लेखन कोणी तपासून दिल्यास बरे होईल. ‘नरि’ आणि ‘नक्क’ हे शब्द कृपया सुचवू नयेत, कारण ते कोल्ह्याचे आहेत, आणि कोल्हा फलकावर स्वतंत्रपणे आहेच.

‘लांडगा’च्या व्युत्पत्तीला प्राकृतातील किंवा जुन्या मराठीतील एखादे रूप आधाराला मिळते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. शिवाय, मेंढरांच्या वाघरीभोवती (जाळीच्या कुंपणाभोवती) रात्र काढणारे कन्नडभाषक धनगर बोलताना ‘तोळ’च म्हणतात, की त्यांचा काही वेगळा शब्द आहे?