पगार वाढवूनही पोरं टिकत नाहीत, काय करावं?

मनीषनगर_भोजनालय:
नागपुरात माझं सावजी भोजनालय आहे, भांडीवाला धरून ११ माणसं. वर्षभरात ७ जण गेले. बहुतेक बालाघाट-छिंदवाड्याकडचे. गावी लग्न आहे म्हणून निघतात अन् महिन्याभरात धरमपेठेत दुसऱ्याच्या भट्टीवर दिसतात. दिवाळीनंतर सगळ्यांचा पगार हजाराने वाढवला. जेवण, राहणं माझ्याकडेच. तरी परवा मसालेवाला गेला. त्याचा हात बसायला सहा महिने लागले होते हो. नवीन पोट्टं खोबरं जास्त भाजतं, तर्री कडवट होते अन् गिऱ्हाईक पहिल्याच घासाला ओळखतं.

सदर_कॅटरर:
मोठी उचल द्या. फिटेपर्यंत हलत नाही.

भट्टीवर_२२_वर्षं:
उचलीने बांधलेला माणूस उचलीसकट जातो, भाऊ. मी चार हॉटेलं सोडली, एकही पगारासाठी नाही. एका ठिकाणी उकळतं तेल हातावर आलं, कोपरापर्यंत साल निघाली. मालकाने मलम दिलं अन् म्हणाले, आज रविवार आहे, रात्रीचं उरकून घे. फडकं गुंडाळून बारापर्यंत रोट्या काढल्या. दुसऱ्या दिवशी गेलोच नाही.

दहा माणसांपासून ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागते; तुमची तर ११ आहेत. २१,००० पर्यंत पगार असलेल्याचे ०.७५ टक्के कापायचे, तुमचे ३.२५. म्हणजे १२,००० वाल्यामागे तुम्हाला महिन्याला ३९० रुपये. कामावर भाजलं तर घरी बसल्या दिवसांची ९० टक्के मजुरी मिळते. माझं ईएसआयसीचं कार्ड असतं तर मी त्याच रात्री त्यांच्या सोमवारी पेठेतल्या दवाखान्यात गेलो असतो.

आणखी एक विचारतो. दुपारी साडेतीनला शटर पडतं, संध्याकाळी साडेसहाला पुन्हा भट्टी. या मे महिन्यात मधले तीन तास तुमची पोरं झोपतात कुठे? तिथे एकदा स्वतः आडवे होऊन पाहा. अन् आठवड्याची सुट्टी पाळीने द्या, ती कायद्यातच आहे.

मनीषनगर_भोजनालय:
आज साडेतीनला वर गेलो. गच्चीवर टिनाची खोली, त्यात मीच घेऊन दिलेला कूलर. टाकी कोरडी, ताट्या वाळून कडक झालेल्या, पाण्याचा पाइप तुटलेला. खोलीत कोणीच नव्हतं. पोरं खाली जिन्यात ओला दुपट्टा तोंडावर घेऊन पडली होती. मला का नाही सांगितलं, असं विचारलं. मॅनेजरला दोनदा सांगितलं होतं म्हणाले. मी स्वतः तिथे महिन्यात एकदाही गेलो नव्हतो, याचं फार वाईट वाटलं. पाइप आजच बसवला. ईएसआयसीच्या नोंदणीला कोणती कागदं लागतात, तेवढं सांगा.