दारातली मांजरं सांभाळणं वेगळं, रेस्क्यू काढणं वेगळं?

रानजाई
दारात आलेलं मांजर मला परत पाठवता येत नाही. एका डोळ्याने अधू बोका आला, राहिला. गाभण मांजर आली, माळ्यावर व्याली. पुढे कुणीतरी फाटकाशी खोक्यात पिल्लं ठेवून गेलं आणि मग लोकांना पत्ताच कळला. आता कुठेही मांजर अडकलं की फोन मला. घरचे कुरकुरतात, पण माझ्या गैरहजेरीत त्यांना खाऊ घालणारेही तेच.

बरेच दिवस मनात घोळतंय ते मांडते. नोकरी सोडून रीतसर रेस्क्यू काढावं. मोकळी जागा, जाळीचा व्हरांडा, आजारी मांजरांची सोय, संस्थेची नोंदणी. ज्याला जमतं त्याने हे करायलाच हवं असं माझं मत आहे, कारण रस्त्यावरच्या पिल्लाला गाडी, कुत्रा नाहीतर आजार, काहीतरी गाठतंच. उलट मतंही हवीत. फक्त 'निसर्ग बघून घेईल' हे सोडून.

कडूकारलं
असहमत.

तुमच्या लेखात मांजरं येतात, येतात आणि येतात. जातात कुठे? रेस्क्यूची मोजदाद आत किती आली यावर नसते, बरी होऊन चांगल्या घरी किती गेली यावर असते.

आता साधा हिशेब. मांजरीचे दिवस नऊ आठवड्यांत भरतात. तिची मादी पिल्लं चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकतात. अंगावर पिल्लं पीत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते. या वेगापुढे तुमचा व्हरांडा किती दिवस पुरेल? नोकरी ठेवा आणि पगारातून आसपासच्या मांजरींची ऑपरेशनं करा.

रानजाई
माझ्याकडच्या सगळ्यांची ऑपरेशनं झालेली आहेत. पिल्लं लोकांना दिलीही आहेत. पण एका डोळ्याचा बोका कोण नेतो? सगळ्यांना फोटोत गोंडस दिसणारं हवं असतं.

टाका_पट्टी
प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते. बाजू घेत नाही, पण 'आजारी मांजरांची सोय' या तीन शब्दांत काय मावतं ते सांगते.

पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजरांचा एक जीवघेणा विषाणूजन्य आजार. लस न झालेल्या पिल्लांमध्ये उलट्या, जुलाब सुरू होतात आणि अख्खं वेत दोन-तीन दिवसांत जाऊ शकतं. याचा विषाणू मांजर गेल्यावरही जमिनीत, पिंजऱ्याच्या फटीत, तुमच्या चपलेवर महिनोन् महिने टिकतो, वर्षभरसुद्धा. साध्या साबणाने मरत नाही. आधी घाण पूर्ण काढायची, मग पातळ केलेलं ब्लीच, तेही दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. फिनेल मात्र नको. फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत, पंजे चाटताना ती पोटात जातात.

म्हणून नवीन मांजर किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत. वेगळी भांडी, वेगळी मातीपेटी, आणि त्या खोलीत शिरायचं सगळ्यात शेवटी.

दोन चाचण्या जरूर करा. ल्युकेमियाचा विषाणू लाळेतून, एकमेकांना चाटण्यातून पसरतो, म्हणजे एका वाटीत खाणाऱ्या प्रेमळ मांजरांनाच त्याचा धोका. एफआयव्ही, म्हणजे मांजराची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू, मुख्यतः खोल चाव्यातून जातो, त्यामुळे भांडखोर बोक्यांत जास्त. एफआयव्ही असलेलं मांजर वर्षानुवर्षं छान जगू शकतं, त्याला घाबरून कुणी टाकून देऊ नये. आणि गजकर्ण! ते तुम्हालाही होईल, घरच्यांनाही, आणि त्याचे बीजाणू सोफ्यातून लवकर जात नाहीत.

गर्दीचा आणखी एक त्रास आहे. बहुतेक भटक्या मांजरांनी लहानपणी नागीणवर्गातला सर्दीचा विषाणू घेतलेला असतो. तो अंगात दबून राहतो आणि ताण आला की उसळतो. एका छपराखाली अनोळखी मांजरं कोंबणं हा मांजरासाठी मोठाच ताण. औषधं चालू असूनही काही ठिकाणी शिंका थांबतच नाहीत, त्यामागे बऱ्याचदा दाटी असते.

भटकी_वही
झालं! कुणी काही करायला निघालं की आजारांची यादी आणि पिल्लांचा पाढा. काहीही न करणाऱ्याला कुणी हिशेब विचारत नाही.

कडूकारलं, ऑपरेशनं हवीतच. पण आज गटारात ओरडणाऱ्या पिल्लाला त्यांचा उपयोग शून्य. पिल्लू माणसाला सरावतं ते साधारण दोन ते सात आठवड्यांच्या वयात. तेवढ्या काळात कुणाचा हात लागला तर ते घरचं होतं, नाहीतर जन्मभर बुजरं राहण्याची शक्यता मोठी. त्याआधीची पिल्लं तर चोवीस तासांची नोकरी असते. दर दोन-तीन तासांनी बाटली, तीही पालथं धरून, कारण उताणं पाजलं तर दूध फुप्फुसात जाऊ शकतं. गायीचं दूध नाही, मांजराच्या पिल्लांचं खास दूध. पाजण्याआधी पिल्लाला ऊब द्यायची, थंड पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. मग ओल्या कापसाने पुसून शी-शू करवायची. हे पगारी कामावरून घरी येऊन होतं का? म्हणून कुणीतरी पूर्णवेळ हवंच. रानजाई, काढा तुम्ही!

कडूकारलं
अनाथ पिल्लाबद्दल वाद नाहीच. पण उचललेली सगळी अनाथ असतात का? आई बरेचदा शिकारीला गेलेली असते. पिल्लं कोरडी, पोट भरलेली आणि शांत असतील तर लांबून वाट बघावी. दयाळू माणसाने उचलल्यामुळे आईपासून तुटलेली पिल्लंही याच बाटलीवर येतात.

आणि मोठी, कधीच हात न लागलेली मांजरं? त्यांना पिंजऱ्यात ठेवणं म्हणजे शिक्षा. पकडा, नसबंदी आणि लस करा, कानाचं टोक कापून खूण ठेवा, होती तिथेच सोडा. कुणीतरी रोज खायला घालावं, लक्ष ठेवावं.

पाणथळ
'होती तिथेच सोडा' हे इतकं सहज लिहिता? न्यूझीलंडच्या स्टीव्हन्स बेटावरचा न उडणारा चिमुकला रेन पक्षी १८९० च्या दशकात मांजरं पोचल्यावर संपला. नसबंदी झालेलं मांजरही पक्षी मारतं. मला तर रानजाईंचा जाळीचा व्हरांडा पटतो. मांजर आत, पक्षी बाहेर.

ओसरी
आम्ही काही जण मिळून एक छोटा निवारा चालवतो. स्वप्न पाहताना मांजरं दिसतात. दिवस मात्र मातीपेट्या, फोन, देणगीच्या पावत्या आणि भांडणं यांत जातो. आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे 'आत्ता जागा नाही' असं सांगणं. समोरचा रडतो, मग शिव्या देतो, मग रात्री पिल्लं दाराशी ठेवून जातो. तरीही दुसऱ्या दिवशी तेच सांगावं लागतं. जे सांगू शकत नाहीत त्यांच्यापैकी काहींची घरं मी पाहिली आहेत. मायेत काहीच कमी नव्हतं, पण मांजरांच्या डोळ्यांत पू आणि फरशीवर पाय ठेवायला जागा नाही. प्राणी साठवत जाण्यावर संशोधन करणारे यात 'वाचवणाऱ्यां'चा वेगळा गटच मानतात.

जागा घेऊ नका. आधी फॉस्टर घरं, म्हणजे मांजरं तात्पुरती सांभाळणारी घरं, जोडा. एकेका घरी दोन-दोन मांजरं राहिली की साथ एका घरातून दुसऱ्या घरात जात नाही आणि पिल्लांना माणसांची सवयही होते. घरात सुरक्षित राहणारं मांजर पंधरा वर्षं सहज जगतं. तुम्ही आजारी पडलात तर कोण, हे लिहून ठेवा. घरच्यांना गृहीत धरू नका.

रानजाई
फॉस्टर घरांचं पटलं. रेस्क्यू म्हणजे इमारतच, असा माझाही हट्ट नाही. नोकरी तूर्त अर्धवेळ करता येते का ते विचारते. पण 'जागा नाही' हे खोक्यातल्या पिल्लांना सांगणं मला जमणार नाही. ते मी शिकणारही नाही.

ओसरी
मग तुमच्याबरोबर ते सांगणारं दुसरं कुणीतरी ठेवा. मी थट्टा करत नाही. आमच्याकडे अशी एक बाई आहे, तिच्यामुळेच आम्ही तरलो.

कडूकारलं
तेही नंतर. वेगळी खोली कुठली ते सांगा. ती नसेल तर माझं मत तेच.

रानजाई
एक जास्तीचं न्हाणीघर आहे. फरशी आहे, दार घट्ट लागतं.

टाका_पट्टी
उत्तम, धुवायला सोपं. खिडकी?

रानजाई
उघडी असते. जाळी बसवून घेते.

कडूकारलं
बसवली की लिहा. मांजर पकडायचा सापळा माझ्याकडे आहे, गल्लीतल्या ऑपरेशनांसाठी हवा तर न्या. रेस्क्यूला माझा विरोध कायम आहे.