मदत हवी आहे: हार्पोलच्या हारासाठी मराठी शब्द

नमस्कार मंडळी. वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी इंग्लंडमधल्या हार्पोलच्या कबरीवर लिहितेय. नॉर्दम्प्टनशरमध्ये घरबांधणीआधीच्या उत्खननात, एप्रिल २०२२ मध्ये ती सापडली. काळ इ.स. ६३० ते ६७०. ख्रिस्ती धर्म तिथे नुकता रुजत होता, आणि कबरीतली बाई नक्कीच मोठ्या घरची. हाडं मातीत विरून गेली, उरले दातांच्या एनॅमलचे तुकडे. पण गळ्यातला हार टिकला! मणी आणि पदकं मिळून किमान ३० नग, त्यात सोन्याची रोमन नाणी ओवलेली, अगदी आपल्या पुतळ्यांच्या माळेसारखी. सोबत चांदीचा मोठा क्रूस. त्यावर इवलेसे मानवी चेहरे, डोळे निळ्या काचेचे. तो मातीच्या गोळ्यातच होता, एक्स-रेमध्ये दिसला.

आता अडलंय ते असं. मधल्या चौकोनी पदकात सोन्याच्या कोंदणात लाल गार्नेट आहेत. त्यांना 'तामडा' म्हणू ना? एका मैत्रिणीने 'गोमेद' सुचवलं, पण गोमेद मधाच्या रंगाचा, मला तो पटत नाही. आणि नाण्यांना 'पदक' म्हणावं की 'पुतळी'? सराफी व्यवसायातलं कुणी असेल तर कृपया सांगा. गुरुवारी मजकूर लावायचा आहे.