बारावीला चुंबकीय फ्लक्स शिकवायचाय: सुरुवात कुठून करू, प्रयोग कोणते घेऊ? सल्ला हवा

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. दिवाळीनंतर विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा धडा सुरू होईल. दरवर्षी एकच गोष्ट दिसते. 'फ्लक्स म्हणजे बी ए कॉस थीटा' (चुंबकीय क्षेत्र गुणिले वेटोळ्याचं क्षेत्रफळ गुणिले क्षेत्र आणि वेटोळ्याला लंब रेषा यांतल्या कोनाचा कोसाइन) हे सगळ्यांना पाठ असतं, गणितंही सुटतात. मग विचारावं, की वेटोळं चुंबकाजवळ नुसतं धरून ठेवलं तर व्होल्टेज किती येईल? निम्मा वर्ग बी आणि ए चा गुणाकार करून उत्तर देतो. फ्लक्स असणं आणि फ्लक्स बदलणं यातला फरक डोक्यात बसतच नाही.

एककांचाही गोंधळ आहे. पुस्तकात टेस्ला आणि वेबर, चुंबकाच्या दुकानात गॉस, जुन्या प्रश्नपत्रिकांत मॅक्सवेल. मुलं सगळ्याला घाबरून राहतात.

प्रयोगशाळेत सुईचे गॅल्व्हानोमीटर आहेत, ऑसिलोस्कोप बंद पडलाय. दोनतीन हजार रुपये खर्च करता येतील. सुरुवात कुठून करावी आणि खरोखर काही दिसेल असे कोणते प्रयोग घ्यावेत, ते सांगा. निम्मी मुलं पुढे डिप्लोमा नाहीतर इंजिनियरिंगला जातात, त्यांना आयुष्यभर उपयोगी पडेल असं काही द्यायची फार इच्छा आहे.

गोदातीर

मॅडम, मी हा विषय बरीच वर्षं शिकवला. माझा सल्ला एकच: बी ए कॉस थीटा पहिल्या दिवशी फळ्यावर लिहूच नका. वेबरपासून सुरुवात करा. १ वेबर म्हणजे १ व्होल्ट-सेकंद. एका वेढ्यातला फ्लक्स १ वेबरने बदलायला १ सेकंद लागला, तर त्या सेकंदभर त्या वेढ्यात सरासरी १ व्होल्ट मिळतो. तोच बदल अर्ध्या सेकंदात केला तर २ व्होल्ट. बदल थांबला की शून्य. फॅराडेचा नियम, म्हणजे फ्लक्स जितक्या वेगाने बदलतो तितकं व्होल्टेज, एककातच बसलेला आहे, तो वेगळा पाठ करावा लागत नाही. तुमचा धरून ठेवलेल्या वेटोळ्याचा प्रश्नही इथेच सुटतो.

क्षेत्रफळ आणि कोन दुसऱ्या तासाला. तिथे १ टेस्ला म्हणजे दर चौरस मीटरला १ वेबर, एवढं सांगितलं की साखळी पूर्ण होते. जुन्या एककांना दोन वाक्यं पुरतात: १ टेस्ला म्हणजे १०,००० गॉस, आणि १ वेबर म्हणजे १० कोटी मॅक्सवेल. गॉस व टेस्ला ही 'दर क्षेत्रफळाला किती' सांगणारी जोडी, मॅक्सवेल व वेबर ही 'एकूण किती' सांगणारी. दुकानदार ३००० गॉस म्हणतो तेव्हा तो ०.३ टेस्ला सांगत असतो, फ्लक्स नव्हे. फ्लक्स काढायला चुंबकाचा पृष्ठभाग मोजावा लागेल.

ते लगेच करून घ्या. १२ मिलिमीटर व्यासाची निओडिमियमची चकती, पृष्ठभागाशी ०.३ टेस्ला धरा. क्षेत्रफळ सुमारे १.१३ चौरस सेंटिमीटर, म्हणजे फ्लक्स ढोबळमानाने ३४ मायक्रोवेबर. ५०० वेढ्यांच्या कॉइलमधून ती एक दशांश सेकंदात ओढून काढली तर सरासरी ०.१७ व्होल्ट. आधी वहीत आकडा, मग हातात चुंबक. आकडा आधी काढला असला की सुई हलताना पाहण्यात मुलांचा जीव अडकतो.

आणि डिजिटल मल्टिमीटर वापरू नका. तो सेकंदाला दोनतीनदाच वाचतो, झटका निसटतो. तुमचे सुईचे गॅल्व्हानोमीटर या कामाला उत्तम.

कृष्णाकाठ

सर, व्होल्ट-सेकंदापासून सुरुवात ही कल्पना फार आवडली. मी आजवर पावसात धरलेल्या बादलीचं उदाहरण देत आले. बादली तिरकी केली की पाणी कमी पडतं, तसा कोन बदलला की फ्लक्स कमी. ते ठेवू का?

गोदातीर

कोनापुरतं ठेवा, पण तिथेच थांबा. पावसात पाणी खरंच वाहतं, फ्लक्समध्ये काहीच वाहत नसतं. मुलांना वाटू लागतं की चुंबकातून काहीतरी सतत बाहेर पडतंय आणि वेटोळ्यात साठतंय. मग स्थिर चुंबकानेही वीज मिळायला हवी, असं त्यांना वाटलं तर ते तर्काला धरूनच आहे. तुमच्या निम्म्या वर्गाची चूक इथून येत असण्याची शक्यता मला मोठी वाटते.

टर्न्स_पर_व्होल्ट

ताई, मी कोल्हापूरला वाइंडिंगचं काम करतो. ट्रान्सफॉर्मर, चोक, स्टॅबिलायझर. शिक्षण आयटीआय. या धड्यातलं एक सूत्र आम्ही रोज जगतो, ते मुलांना जरूर दाखवा.

व्होल्टेज = ४.४४ × वारंवारता × वेढे × कमाल फ्लक्स. आपल्याकडे ५० हर्ट्झ. कोअरमध्ये, म्हणजे वेढे ज्यावर गुंडाळतात त्या लोखंडात, १ टेस्लापर्यंत जायचं ठरवलं, तर हिशेब एवढाच उरतो: ४५ भागिले कोअरचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये, म्हणजे दर व्होल्टला किती वेढे. १५ चौरस सेंटिमीटरची कोअर असेल तर व्होल्टला ३ वेढे, २३० व्होल्टला ६९० वेढे. दुकानात येणाऱ्या पोराला आम्ही हा ४५ चा आकडा पहिल्या आठवड्यात देतो. तो कुठून आला हे मात्र त्याला कुणी सांगत नाही. तुमच्या मुलांना काढून दाखवा, पाच मिनिटांचं काम आहे.

वेढे कमी टाकले तर काय होतं, हेही सांगा. व्होल्टेज तेवढंच राहिलं की फ्लक्स वाढावाच लागतो. लोखंड भरून जातं, मग करंट एकदम चढतो, कोअर गुणगुणते आणि गरम होते. फ्लक्स हा फक्त कागदावरचा गुणाकार आहे असं ज्याला वाटतं, त्याने असा ट्रान्सफॉर्मर एकदा बघावा.

पण वर्गात मेन्सवर काहीही जोडू नका. सेलवर आणि चुंबकावरच प्रयोग करा.

मेधा_डेट्रॉईट

वरच्या सूत्रातली वारंवारता अमेरिकेतून सामान नेणाऱ्यांना चांगलीच भोवते. इथली उपकरणं १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची. भारतात नेताना लोक २३० चे १२० करणारा कन्व्हर्टर घेतात आणि निर्धास्त होतात. व्होल्टेज जुळतं, पण वारंवारता ५० च राहते, कन्व्हर्टर ती बदलत नाही. आतल्या ट्रान्सफॉर्मरमधला फ्लक्स २० टक्क्यांनी वाढतो. काठावर बनवलेली वस्तू तापते. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर दोन्हींवर चालतात, त्यांची काळजी नको. परीक्षेला प्रश्न म्हणून छान आहे: १२०/६० ऐवजी १२०/५० दिलं तर कमाल फ्लक्स किती पट?

अलिबागकर

मॅडम, चुंबक न वापरता करण्याचा प्रयोग सुचवतो. २० सेंटिमीटर व्यासाची ५०० वेढ्यांची कॉइल करा, तार पाव किलोच्या आसपास लागेल. गॅल्व्हानोमीटरला जोडा आणि झटकन उलटी फिरवा. पृथ्वीचं क्षेत्र आपल्या भागात साधारण ४० ते ४५ मायक्रोटेस्ला आहे. उलटी करताना फ्लक्स धनातून ऋणात जातो, त्यामुळे बदल दुप्पट. हिशेब केला तर सुमारे १.३ मिलिव्होल्ट-सेकंद येतो. सुई अगदी थोडी हलेल. तिच्या हेलकाव्याशी ताल जमवून कॉइल पुन्हा पुन्हा पलटत राहिलात तर हेलकावा वाढताना दिसेल. आपल्याकडे क्षेत्र आडव्याच्या खाली, उत्तरेकडे सुमारे २५ अंश झुकलेलं आहे. त्यामुळे कॉइल टेबलावर सपाट ठेवून पलटली तर परिणाम निम्म्याहून कमी, उत्तरेकडे तोंड करून उभी धरली तर खूप जास्त. कॉस थीटा तिथे प्रत्यक्ष हाताला लागतो.

आमच्या अलिबागच्या वेधशाळेची हकिकतही मुलांना सांगा. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेतल्या जात होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरल्यावर त्या करंटमुळे नोंदी बिघडतील हे ओळखून डॉ. नानाभॉय मूस यांनी अलिबागची जागा उभी केली. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकदमच नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या जागेशी जोडता आली. केवढी दूरदृष्टी! १८५९ च्या सप्टेंबरातल्या सौरवादळात कुलाब्याला क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याची नोंद आहे, आणि जगभरचे अभ्यासक आजही ती वापरतात.

नॅनोटेस्लाने काय होणार, असं कुणीतरी विचारेलच. तेव्हा १३ मार्च १९८९ सांगा. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये सौरवादळामुळे सुमारे ६० लाख लोकांची वीज जवळपास नऊ तास गेली. बदल बारीक, पण शेकडो किलोमीटर लांबीच्या वाहिन्या आणि जमीन मिळून जो फेरा होतो त्याचं क्षेत्रफळ अवाढव्य.

कार्यकारण

सगळे फॅराडेवर बोलतायत, म्हणून दुसऱ्या नियमाची बाजू मांडतो. चुंबकत्वासाठीचा गॉसचा नियम: कुठल्याही बंद पृष्ठभागातून जाणारा एकूण फ्लक्स शून्य. पुस्तकात हा 'एकटा ध्रुव सापडत नाही' एवढ्यावर उरकतात. मला तो याहून फार महत्त्वाचा वाटतो, आणि वर्गात त्यावर अर्धा तास खर्च झाला तरी चालेल.

हुशार मुलगी कधीतरी विचारते: वेटोळ्यातून जाणारा फ्लक्स म्हणजे नेमका कुठल्या पृष्ठभागातून? वेटोळ्यावर सपाट पडदा ताणा, किंवा टोपीसारखा फुगलेला. उत्तर वेगळं येणार नाही का? येत नाही. दोन्ही पडदे मिळून एक बंद पृष्ठभाग होतो आणि त्यातून एकूण फ्लक्स शून्य. जेवढा एकातून आत तेवढा दुसऱ्यातून बाहेर. म्हणून 'वेटोळ्याचा फ्लक्स' म्हणायला अर्थ आहे. हा नियम नसता तर फॅराडेचा नियम नीट लिहिताच आला नसता. मला हे पहिल्यांदा कळलं तो आनंद अजून आठवतो.

यातूनच प्रयोगासाठी एक सूचना निघते. अलिबागकरांची रुंद कॉइल छोट्या चुंबकासाठी वापरू नका. चुंबकाच्या तोंडातून निघालेल्या रेषा वळून मागे जातात. कॉइल रुंद असली तर त्यातल्या बऱ्याच तिच्या आतूनच परत येतात आणि हिशेबात वजा होतात. चुंबकासाठी त्याला जेमतेम बसेल अशी अरुंद कॉइल, पृथ्वीसाठी रुंद.

लेन्झच्या नियमासाठी (निर्माण झालेला करंट फ्लक्समधल्या बदलाला विरोध करतो) तांब्याचा पाइप. मीटरभर लांबीच्या जाड पाइपातून निओडिमियमचा चुंबक सोडा, एरवी अर्ध्या सेकंदाच्या आत पडणारा चुंबक काही सेकंद घेतो. एसी दुरुस्तीवाल्याकडे तुकडा मिळतो, पण त्याचा पातळ असतो, परिणाम जरा कमी. ॲल्युमिनियमचाही चालतो, स्टीलचा नको. लेन्झने हे १८३४ मध्ये मांडलं, म्हणजे फॅराडेच्या १८३१ च्या प्रयोगांनंतर तीनच वर्षांनी.

निळीशाई

ऑसिलोस्कोप बंद आहे म्हणालात, म्हणून: दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरने शाळा-कॉलेजांसाठी 'एक्सपआइज' नावाचं छोटं उपकरण तयार केलंय, लॅपटॉपला जोडून चालतं. बजेटमध्ये बसतंय का ते आजचा भाव पाहून ठरवा, दोन कॉलेजांनी मिळून घेतलं तरी चालेल. त्यावर कॉइलमधून चुंबक पाडल्याचा आलेख येतो: एक उंचवटा वर, एक खाली. दुसरा उंच आणि अरुंद, कारण तोवर चुंबकाने वेग घेतलेला असतो. मुलांना चौकटी मोजून दोन्हींचं क्षेत्रफळ काढायला लावा. सारखं येतं. गोदातीर सरांचा व्होल्ट-सेकंद तो हाच. जेवढा फ्लक्स आत आला तेवढाच बाहेर गेला.

लहान निओडिमियम चुंबक मात्र मोजून द्या आणि मोजून परत घ्या. घरी धाकट्या भावंडांनी दोन गिळले तर आतड्यात एकमेकांना चिकटून गंभीर इजा होते. पेसमेकर असलेल्यांपासूनही लांब ठेवा.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. अरुंद कॉइल, रुंद कॉइल, तांब्याचा पाइप आणि गोदातीर सरांचा क्रम, एवढं पक्कं केलंय. एक्सपआइजसाठी शेजारच्या कॉलेजशी बोलते. एकच प्रश्न उरलाय. बहुतेक मुलांच्या घरी असेल असं एखादं उपकरण हवंय, जिथे फ्लक्स शून्य असणं हेच काम असेल.

टर्न्स_पर_व्होल्ट

आहे ना ताई. मीटरबोर्डावरची आरसीसीबी, तिच्यावर 'टेस्ट'चं बटण असतं. आत एक गोल कोअर असते आणि फेज व न्यूट्रल दोन्ही तारा तिच्यातून जातात. एकीतला करंट जाणारा, दुसरीतला तेवढाच परत येणारा, त्यामुळे कोअरमधला फ्लक्स शून्य. कुणाला शॉक बसला किंवा गीझरच्या बॉडीत करंट उतरला, की थोडा करंट जमिनीवाटे जातो, परत येणारा कमी पडतो. कोअरमध्ये फ्लक्स उभा राहतो, सेकंदाला ५० फेऱ्या बदलणारा. कोअरवर बारीक तारेचे वेढे असतात, त्यात व्होल्टेज येतं आणि स्विच पडतो. घरच्या आरसीसीबीवर ३० मिलिॲम्पिअर लिहिलेलं असतं, ते याच फरकाचं. जळकी आरसीसीबी माझ्याकडे पडून आहे, उघडून कोअर दिसेल अशी पाठवून देतो.

कॉइल करताना आणखी एक: तारेच्या टोकांचं इनॅमल ब्लेडने किंवा पॉलिश पेपरने पूर्ण खरवडा, तांबं चकचकीत दिसेपर्यंत. सुई हलत नाही म्हणून माझ्याकडे आणलेल्या कॉलेजच्या कॉइल्समध्ये दोष बहुतेक वेळा तिथेच निघतो.