मदत हवी आहे: खाचरातला डोकऱ्या मासा जिवंत खाद्य घेत नाही

नमस्कार.

सह्याद्रीतील ओढ्यांत आणि भातखाचरांलगतच्या चरींत आढळणारा एक डोकऱ्या सध्या माझ्याकडे आहे. मरळीच्या कुळातील हा लहान चणीचा मासा; काही भागांत त्याला ढोक म्हणतात आणि पुस्तकांत तो चन्ना गाचुआ या नावाने सापडतो. जातीने शिकारी असूनही तो जिवंत खाद्य पोटात जाऊ देत नाही. ज्यांनी देशी मासे पाळले आहेत त्यांच्याकडून नेमके मार्गदर्शन मिळावे म्हणून हा धागा काढत आहे. मजकूर लांबला आहे, परंतु माहिती अपुरी दिली तर उत्तरेही अंदाजाने द्यावी लागतील, म्हणून सगळे तपशील एकाच ठिकाणी लिहितो.

पाटण तालुक्यात आमच्या नातेवाइकांची भातशेती आहे. भात काढून झाल्यावर बांधालगतची चर उपसताना हा मासा चिखलात सापडला. चरीतले पाणी आटत आले होते, ओढ्याशी असलेला तिचा संबंध तुटला होता आणि उरलेल्या डबक्यावर बगळ्यांची वर्दळ सुरू होती. ओढ्याचाही त्या भागातला डोह कोरडा पडला होता, त्यामुळे मासा जवळपास कुठे सोडण्याची सोय नव्हती. जून-जुलैमध्ये ओढा वाहता झाला की त्याच जागी त्याला परत सोडायचे, एवढ्याच हेतूने मी त्याला घरी आणले. जिवंत खाद्याचा आग्रह मी धरतो आहे तो यामुळेच. दुकानातल्या गोळ्यांची सवय त्याला लावू नये आणि पावसाळ्यात तो आपल्या ओढ्यात परतेल तेव्हा शिकारीत कमी पडू नये, असे मला मनापासून वाटते.

टाकी तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद असून पाणी एक फुटापर्यंतच ठेवले आहे. हा मासा पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेतो, म्हणून पाणी आणि झाकण यांच्यामध्ये चार बोटे मोकळी जागा आहे. उडी मारण्यात तो तरबेज असल्याने झाकणावर वजनही ठेवले आहे. तळाला ओढ्यातली वाळू, दोन-तीन चपटे दगड आणि एक फुटके मडके आहे. पाणी विहिरीचे, त्यामुळे क्लोरीनचा प्रश्न नाही. अमोनियाची चाचणी केली, ती शून्य आली. पहाटे पाण्याचे तापमान 19 अंश सेल्सिअसपर्यंत उतरते आणि दुपारी 22 अंशांच्या आसपास जाते. हीटर लावलेला नाही. टाकीवर पांढऱ्या प्रकाशाचा दिवा आहे आणि तो संध्याकाळी उशिरापर्यंत चालू असतो.

माशाची लांबी जेमतेम सहा इंच आहे. छातीच्या परांवर काळसर पट्टे एकाआड एक, अर्धवर्तुळासारखे उमटलेले स्पष्ट दिसतात आणि पाठीच्या परांची कड केशरी आहे. अंगावर जखम नाही, पांढरे ठिपके नाहीत, विष्ठा दोऱ्यासारखी पांढरी पडत नाही. श्वास घेण्यासाठी तो नियमित वर येतो. टाकीत तो एकटाच आहे आणि त्याचा घसा फुगलेला नाही. या जातीत नर अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळतो आणि त्या काळात खात नाही हे मला ठाऊक आहे, पण इथे ती शक्यता दिसत नाही.

आता खाद्याविषयी. प्रथम त्याला गांडुळे दिली. ती परसातल्या गांडूळखताच्या वाफ्यातली, लालसर आणि अंगावर फिकट पिवळट वळी असलेली होती. गांडूळ समोर पडताच तो मडक्यातून पुढे आला, हळूच मान वळवली आणि एका झटक्यात ते तोंडात घेतले. मला हायसे वाटले, पण क्षणभरातच मागे सरकत त्याने ते थुंकले आणि नंतर गाल वाळूवर घासला. नंतर पुन्हा दिले तेव्हाही हाच प्रकार घडला आणि आता तर गांडूळ पाहिले की तो मडक्यात आत सरकतो. डासांच्या अळ्यांकडे तो ढुंकूनही पाहत नाही. आमच्या गावाजवळच्या हौदात आरोग्य खात्याने सोडलेले गप्पी मासे आहेत. ते आणून टाकीत सोडावेत असे एका परिचितांनी सुचवले आहे, पण अजून मी ते आणलेले नाहीत. डोळे त्यांच्याकडे वळतील, शिकारीची ऊर्मी जागी होईल, असे त्यांचे म्हणणे आहे.

माझे प्रश्न असे आहेत: थुंकण्याचे कारण आजार असू शकते का? गप्पी द्यावेत की देऊ नयेत? आणि हा मासा किती काळ उपाशी राहिला तर त्याच्या जिवाला धोका आहे, हे बाहेरून कसे ओळखावे? पोट अजून आत गेलेले नाही, पण माझा जीव टांगणीला लागला आहे.

प्रतिसाद

तुमचे वर्णन नीट आहे म्हणून उत्तर देणे सोपे झाले. गांडूळ तोंडात घेणे, लगेच थुंकणे आणि गाल घासणे, या तीन गोष्टी एकत्र पाहिल्या तर मला आजाराचा संशय येत नाही. तुमच्या माशाला भूक आहे आणि शिकारीची इच्छाही आहे, अन्यथा तो पुढे आलाच नसता. दोष गांडुळात आहे. खताच्या वाफ्यात बहुधा आयसेनिया फेटिडा ही जात वापरतात. ती लालसर असते, अंगावर पिवळट पट्टे असतात आणि डिवचले की अंगातून पिवळा, उग्र वासाचा द्राव सोडते. हा द्राव बऱ्याच माशांना नकोसा असतो. चिमटीत धरून वास घेऊन पाहा, तुम्हाला स्वतःला कळेल. खताच्या वाफ्यात कधी कधी जाडजूड, जांभळट छटेची युड्रिलस ही दुसरी जातही असते. तिचा असा त्रास नसतो. पण तुमच्या बाबतीत मी तीही सुचवणार नाही; मासा परत ओढ्यात सोडायचा आहे, तर परिसरातल्या मातीतली साधी गांडुळेच बरी.

केळीच्या बुंध्याशी, न्हाणीच्या पाण्याच्या चरीलगत किंवा गोठ्यामागच्या ओलसर मातीत मिळणारी साधी गांडुळे, म्हणजे गळाला लावतात ती, आणा. रात्रभर ओल्या सुती फडक्यात ठेवलीत तर त्यांच्या पोटातली माती निघून जाते. मग स्वच्छ पाण्यात धुऊन, दोन इंचांपेक्षा मोठे असल्यास तुकडा करून द्या. मात्र शेणखत सोडून इतर काही फवारलेल्या जागेतले गांडूळ घेऊ नका. त्याच न्यायाने शेतातले नाकतोडे चालतात, पण फवारणी झालेल्या शेतातले नकोत, आणि त्यांच्या मागच्या काटेरी तंगड्या काढून टाकाव्यात. ओढ्यात काठच्या गवतावरून पडणारे किडे हे या माशाचे नेहमीचे अन्न आहे, त्यामुळे नाकतोडा पृष्ठभागावर टाकला तर त्याला ते अनोळखी वाटणार नाही.

आता गप्पींविषयी, आणि इथे मी आग्रहाने नाही म्हणेन. तुम्ही मासा परत ओढ्यात सोडणार आहात. बाहेरच्या हौदातला किंवा दुकानातला मासा टाकीत आला की त्याच्याबरोबर परोपजीवी आणि रोगजंतू येऊ शकतात, आणि तुमचा डोकऱ्या ते पावसाळ्यात थेट ओढ्यात घेऊन जाईल. शिवाय टाकीत उरलेला एखादा गप्पी चुकून वाहत्या पाण्यात गेला तर तो तिथे बस्तान बसवतो. मूळचा तो दक्षिण अमेरिकेचा आहे, आपल्या ओढ्याचा नाही. गोल्डफिशची पिल्लेही कुणी सुचवतील. ती तर कोणत्याही शिकारी माशाला नेहमीचे खाद्य म्हणून देऊ नयेत, कारण त्यांच्या शरीरात थायमिनेज नावाचे विकर (एन्झाइम) असते आणि ते ब-1 जीवनसत्त्वाचा नाश करते. जिवंत भक्ष्य हवेच असेल तर मासा ज्या पाण्यातला आहे त्याच पाण्यातले आणा. तुमच्या ओढ्याच्या खालच्या अंगाला कुठे डोह शिल्लक असेल तर काठच्या मुळांत बारीक झिंगे मिळतात; ते तळाशी चालतात, थांबतात, पुन्हा चालतात, आणि मडक्याच्या तोंडाशी दबा धरणाऱ्या माशाला हीच हालचाल मोहात पाडते. गप्पी दिवसभर वरच्या थरात भिरभिरतात, तो खाली बसलेला असतो. दोघांची गाठ कशी पडणार? बेडकांची पिल्ले टाळा. त्यातही भेकाची काळी, थव्याने फिरणारी पिल्ले विषारी असतात.

शेवटची गोष्ट म्हणजे तो दिवा. पांढरा दिवा काढून टाका. हा मासा कातरवेळेला आणि रात्री बाहेर पडतो. काचेच्या तिन्ही बाजूंना कागद लावा, वर ओढ्यातलेच थोडे शेवाळ किंवा तरंगती पाने सोडा आणि अंधार पडताना खाद्य द्या. दिल्यावर टाकीसमोर उभे राहू नका. तुमची सावली त्याला बगळ्यासारखी वाटते.

प्रतिसाद

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. फक्त तापमानाविषयी भर घालतो. 19 अंशांच्या पाण्यात माशाचे पचन मंदावते आणि भूकही त्याच प्रमाणात कमी होते. पौषातल्या थंडीत तुमच्या भागातल्या ओढ्याचे पाणीही थंडच असते, त्यामुळे हीटर लावून एकदम 27-28 अंशांवर नेण्याची काही गरज नाही. टाकी भिंतीलगत, थंड वारा लागणार नाही अशा ठिकाणी असली तरी पुरे. परदेशी लेखांत या माशासाठी हिवाळ्यात पाणी मुद्दाम गार करण्याचा सल्ला दिलेला आढळतो, पण गाचुआ या एकाच नावाखाली फार मोठ्या प्रदेशातले मासे एकत्र धरलेले असतात. हिमालयाच्या पायथ्याच्या माशाला मानवते ते कोयनेच्या खोऱ्यातल्या माशाला मानवेलच असे नाही.

उपासाबद्दल एवढी धास्ती घेऊ नका. धडधाकट मरळ किंवा डोकऱ्या थंडीत काही आठवडे सहज काढतो. वरून पाहा. डोक्याच्या मागे, मानेच्या दोन्ही बाजूंना खळगे पडू लागले, पाठीची कड सुरीसारखी उठून दिसू लागली किंवा डोके शरीराच्या मानाने मोठे वाटू लागले, तर काळजीचे कारण आहे. बाजूने दिसणारे पोट फसवू शकते. आणि न खाल्लेले खाद्य सकाळी आठवणीने काढून टाका. अमोनिया आज शून्य आहे, मेलेले गांडूळ वाळूखाली कुजले की राहणार नाही. हवेतून श्वास घेणारा मासा कमी प्राणवायूत टिकतो, पण हवेतून श्वास घेता येतो म्हणून अमोनियाचा त्रास टळत नाही.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. वाफ्यातले गांडूळ फडक्यावर ठेवून काडीने डिवचले तर खरोखरच पिवळा ठिपका उमटला, आणि वास नकोसा होता. दिवा काढला आहे, काचांना खाकी कागद लावला आहे. न्हाणीमागच्या चरीतली गांडुळे काढून, रात्रभर फडक्यात ठेवून, काल अंधार पडताना एक तुकडा लांब चिमट्याने मडक्याच्या तोंडाशी सोडला आणि खोलीबाहेर गेलो. दाराच्या फटीतून एवढेच दिसले की तो सुरुवातीला नेहमीप्रमाणे आत सरकला; बऱ्याच वेळाने डोके बाहेर काढून त्याने तुकडा हुंगल्यासारखे केले आणि मग ओढून आत नेला. सकाळी वाळू चाळून पाहिली, मडके उचलून पाहिले, तुकडा कुठेही सापडला नाही. म्हणजे त्याने तो गिळला असेच मी धरून चालतो. गप्पींचा विचार पूर्णपणे सोडून दिला आहे.

वरून पाहिले असता मानेशी खळगे नाहीत. आता दोनच शंका उरल्या आहेत. त्याला किती दिवसांनी खाऊ घालावे? आणि झिंगे मिळाले नाहीत तर केवळ गांडुळे आणि नाकतोडे यांवर पावसाळ्यापर्यंत निभावेल का?

प्रतिसाद

निभावेल. ओढ्यातही त्याच्या पोटात किडे आणि गांडुळेच मोठ्या प्रमाणात जातात. थंडी आहे तोवर आठवड्यातून दोनदा, तेही पोट किंचित गोलसर दिसेल इतकेच द्या. होळीनंतर पाणी तापू लागले की एक दिवसाआड देण्यास हरकत नाही. सलग एकच खाद्य न देता आलटून पालटून द्या. चिमटा वापरता ते चांगले, पण दर वेळी वापरू नका. माणसाचा हात म्हणजे खाणे, ही सांगड त्याच्या डोक्यात बसू नये. अधूनमधून गांडूळ वाळूवर मोकळे सोडा, नाकतोडा टाकीच्या दुसऱ्या टोकाला पाण्यावर टाका आणि त्याला शोधू द्या. तो शिकार विसरेल ही भीती मात्र बाळगू नका, काही महिन्यांत ती विसरली जात नाही.

सोडताना पहिल्या मोठ्या लोंढ्यात सोडू नका. ओढा वाहता होऊन पाणी थोडे निवळले की, ज्या चरीत सापडला तिच्या तोंडाशी, संध्याकाळी सोडा. त्याआधी महिनाभर टाकीत बाहेरचे काहीही, झाडाची काडीसुद्धा, दुकानातून आणून टाकू नका. आणि सोडण्याच्या वेळी अंगावर ठिपके, कापसासारखी बुरशी किंवा फाटलेले पर दिसले तर सोडणे पुढे ढकला आणि इथेच छायाचित्रासह लिहा.