‘ड्रॅक्युला’ : पहिली चार प्रकरणं वाचा आणि मिटून ठेवा?

घुबड (धागाकर्ता):
ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ (१८९७) एकदाची मुळातून वाचून संपवली. पहिली चार प्रकरणं एक नंबर. काउंट ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात आलेला इंग्रज वकील हार्कर दाढी करतोय, काउंट अगदी खांद्यामागे येऊन उभा, आणि आरशात कोणीच नाही! मग तोच काउंट रात्री किल्ल्याच्या भिंतीवरून डोकं खाली करून सरपटत उतरतो. काटा आला.

पण पुढच्या २३ प्रकरणांत काउंटसाहेब दर्शन देतात ते अधूनमधून. ल्यूसी नावाच्या तरुणीच्या गळ्यावर दोन छिद्रं दिसली की आपल्याला लगेच कळतं, तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. व्हॅन हेल्सिंगलाही कळतं, पण हे महाशय तोंड उघडायला तयार नाहीत. बाकी सगळे एकमेकांच्या थोरवीने गहिवरताहेत. भयकादंबरी म्हणून आज ही चालत नाही, असं माझं स्पष्ट मत. झोडा.

पानपलट्या:
अजिबात सहमत नाही. आपल्याला कळतं आणि त्यांना कळत नाही, यातच तर भीती आहे. तारेचा प्रसंग घ्या. ल्यूसीला आज रात्री एकटं सोडू नकोस, अशी तार व्हॅन हेल्सिंग अँटवर्पहून तिच्या दुसऱ्या डॉक्टरला, सेवर्डला करतो. पत्त्यात परगणा नसतो, म्हणून ती ससेक्समधल्या भलत्याच कारफॅक्सला जाते आणि २२ तास उशिरा पोचते. स्टोकर हे कंसात, कोरड्या नोंदीसारखं लिहून मोकळा होतो. त्या रात्री लांडगा खिडकी फोडतो, ल्यूसीची आई धसक्याने मरते आणि त्याआधी धडपडताना लेकीच्या गळ्यातली, काउंटला दूर ठेवणारी लसणाच्या फुलांची माळ तिच्याच हातून ओढली जाते. मी तर पुस्तक बाजूला ठेवून उठलो.

तिरकस:
मला काउंटपेक्षा डॉक्टरांचीच भीती वाटली. ल्यूसीला चार वेगवेगळ्या पुरुषांचं रक्त चढवतात, आणि रक्तगटांचा शोध १९०१चा! बिचारी इतके दिवस टिकली हेच आश्चर्य. (चालू द्या.)

घुबड:
तारेचा प्रसंग जबरदस्त आहे, वाद नाही. पण हार्करच्या बायकोचं, मीनाचं काय? पाच पुरुष ठरवतात की बाईमाणसाच्या मनाला हे झेपणार नाही, तिला काही सांगायचं नाही. तिला सेवर्डच्या वेड्यांच्या इस्पितळात झोपवून स्वतः शेजारच्या पडक्या घरात काउंट शोधायला जातात. काउंट अर्थातच इकडे मीनाकडे. याला भय म्हणायचं की बिनडोकपणा?

अवेळी:
बिनडोकपणाच, पण पात्रांचा. कथा त्यांना त्याची शिक्षा देते की! सगळ्यांच्या डायऱ्या, पत्रं टाइप करून तारखेवार लावणारी मीनाच. तिला वगळलं आणि घात झाला. काउंट हस्तलिखित आणि सेवर्डने डायरी बोलून ठेवलेल्या फोनोग्राफच्या नळ्या आगीत घालतो, तेव्हा वाचते ती तिजोरीतली दुसरी प्रत, तीही मीनानेच टाइप केलेली. शेवटी काउंट कुठल्या नदीने परत चाललाय हे कागदांवरून शोधून काढते तीही तीच. त्या पुरुषांचं गहिवरणं मलाही सोसवत नाही, तेवढं तुमच्या बाजूने.

आणि ‘आपल्याला सगळं माहीत असतं’ म्हणता, ते बहुतेक सिनेमातलं. उन्हात जळून खाक होणं १९२२च्या ‘नोस्फेराटू’ चित्रपटातलं. पुस्तकात काउंट लंडनमध्ये भरदिवसा रस्त्यावर उभा राहून एका सुंदर मुलीकडे टक लावून बघत असतो, आणि हार्कर भर गर्दीत पांढराफटक पडतो.

घुबड:
तो प्रसंग निसटला नव्हता, पण जेमतेम पानभराचा. आणि शेवट? एवढा पाठलाग करून हार्करची कुकरी, त्याचा साथीदार क्विन्सीचा सुरा, दोन वाक्यांत काउंटची धूळ. छातीत ठोकायच्या लाकडी सुळ्याचा पत्ता नाही.

पानपलट्या:
शेवट घाईचा आहे, हो. पण मग सेवर्डच्या इस्पितळातला वेडा रेनफिल्ड? माश्या कोळ्यांना, कोळी चिमण्यांना, मग मांजराचं पिल्लू द्या म्हणून विनवण्या. ते नाकारल्यावर चिमण्या स्वतःच कच्च्या खातो, आणि हे सगळं वहीत आकडे मांडून, बेरजा करून. हे तुमच्या चार प्रकरणांत कुठे बसतं?

घुबड:
रेनफिल्डची पानं धरा. पाच प्रकरणं म्हणू हवं तर. बाकी मत तेच.