मदत हवी: डबल काचेच्या खिडक्या धूसर झाल्या, सगळ्याच बदलू का? उद्या ॲडव्हान्स द्यायचा आहे

वणाकाठ (मंगळवार, सकाळी ८:१२)
नमस्कार. घरच्या डबल काचेच्या खिडक्या खराब झाल्या आहेत. दोन खिडक्यांतून आरपार नीट दिसत नाही. शहरातून खिडकीवाला येऊन पाहून गेला. म्हणतो, सातही बदला, एकदाच काय तो खर्च करा, १ लाख ९० हजार. उद्या संध्याकाळपर्यंत ॲडव्हान्स दिला तर हा भाव, नाही तर वाढेल. डबल काचेची खिडकी बदलायची वेळ झाली हे ओळखायचं कसं, एवढंच सांगा. कापूस अजून घरात पडून आहे, विकलेला नाही, त्यामुळे उगीच पैसे अडकवायचे नाहीत. लवकर सांगा प्लीज.

पळसफूल (८:४०)
भाऊ, खिडक्या किती वर्षांच्या आहेत? फ्रेम ॲल्युमिनियमची की यूपीव्हीसीची (कडक प्लॅस्टिकची)? धूसर म्हणजे आतून, बाहेरून की दोन काचांच्या मधात? काहीच सांगितलं नाही तर कोण काय सांगणार?

खारपाण_अकोला (८:५५)
हे क्षाराचे डाग आहेत. आमच्या खारपाणपट्ट्यात घरोघरी हेच. बोअरच्या पाण्यानं काचा धुतल्या की पांढरा थर चढतो. व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं घ्या, फडकं भिजवून दहा मिनिटं काचेवर चिकटवून ठेवा, मग पुसा. थर जुना असला तर दोनदा करा. खिडकी बदलायची काहीच गरज नाही.

वणाकाठ (९:२०)
डाग नाहीत, वाफ धरल्यासारखं आहे. आतून पुसलं, बाहेरून शिडी लावून पुसलं, जात नाही. फ्रेम यूपीव्हीसीची, पांढरी. घर हिंगणघाटच्या पुढे, नागपूर-हैदराबाद हायवेपासून अर्धा किलोमीटरही नाही. ट्रकच्या आवाजासाठी लावल्या होत्या. आता आवाजही जास्त येतो. आणि मी भाऊ नाही, ताई आहे. बदलायच्या की नाही तेवढं सांगा ना.

काचकाम_अमरावती (१०:०५)
ताई, उद्या ॲडव्हान्स देऊ नका. मी २२ वर्षं काचेचंच काम करतो, म्हणून सांगतो.

उद्या सकाळी धुकं दिसत असताना काचेवर बोट फिरवा. आतून बोट ओलं झालं तर खोलीतला दमटपणा. बाहेरून ओलं झालं तर दव, त्यात खिडकीचा दोष नाही. दोन्हीकडून बोट कोरडं आणि धुकं तसंच, तर ते दोन काचांच्या मधात आहे आणि काचेचं सील गेलं आहे.

डबल काच म्हणजे दोन काचा, मधात चारही कडांनी ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी, त्या पोकळीत ओल पिणारे बारीक दाणे आणि कडेनं दोन थरांचं सील. सीलला कुठं भेग पडली की दिवसा तापून मधली हवा फुगते, थोडी बाहेर जाते. रात्री आकसली की बाहेरची दमट हवा आत ओढते. दाणे काही वर्षं ती ओल पीत राहतात. त्यांची पिण्याची ताकद संपली की थंडीच्या सकाळी धुकं दिसायला लागतं. आधी नऊ-दहापर्यंत निघून जातं, मग दिवसभर राहतं, शेवटी काचेलाच आतून पांढरे ओघळ पडतात. ते कशानंही निघत नाहीत.

पण यात काच गेली, खिडकी नाही. चौकट धड असेल तर आतल्या बाजूची बीडिंग, म्हणजे काच धरून ठेवणारी पट्टी, काढून फक्त काचेचा संच बदलतात. बाकीच्या पाच खिडक्यांत काय बिघडलंय, हे त्या खिडकीवाल्याला विचारा. आणि मला सांगा: धूसर दोन कोणत्या दिशेला? बसवल्या कधी? पल्ले घट्ट लागतात का?

संत्राबाग_वरूड (१०:३०)
ताई, माह्या मते तर ह्या डबल काचा आपल्या भागात लावाच नाही. ४५-४६ च्या उन्हात आपल्याला कूलर लागते, अन् कूलरला हवा बाहेर जायला खिडकी उघडी लागते. बंद खोलीत कूलर लावला तर दोन तासात अंग चिकट होते. मग उघड्या खिडकीत डबल काच काय कामाची? पश्चिमेला वाळ्याचे ताटे बांधा, दुपारी पाणी मारा. माह्या घरी ४० वर्षांपासून हेच चालू आहे.

काचकाम_अमरावती (१०:४८)
दादा, त्यांनी आवाजासाठी लावल्या आहेत. ताट्यानं ट्रकचा आवाज थांबत नाही.

संत्राबाग_वरूड (१०:५५)
आवाज सवयीचा होते. उकाडा होत नाही. आणि साध्या पारदर्शक डबल काचेतून उन्हाची किरणं सरळ आत येतात, हे तुम्ही गिऱ्हाइकाला सांगता का?

काचकाम_अमरावती (११:०२)
सांगतो. ऊन अडवायचं तर काचेवर ऊन अडवणाऱ्या प्रकारचा लो-ई थर (उष्णता परतवणारा अगदी पातळ मुलामा) हवा, नाही तर बाहेरून छज्जा, झाड, ताटे. तुमचं ते म्हणणं बरोबरच आहे. पण ताईंचा प्रश्न उन्हाचा नाही.

पळसफूल (११:१०)
ऊन अडवायला आतून काळी फिल्म लावली तरी चालते. आमच्या दुकानात लावली आहे.

काचकाम_अमरावती (११:१६)
साध्या काचेला चालते. डबल काचेला आतून गडद फिल्म लावली की आतली काच प्रमाणाबाहेर तापते, कडा चौकटीत थंड राहतात, आणि काच आपोआप तडकू शकते. सीलवरही ताण येतो. ताई, तुम्ही फिल्म लावलेली नाही ना?

नवघर_यवतमाळ (११:४०)
एवढा खर्च कशाला? मी व्हिडिओत पाहिलं, काचेला कोपऱ्यात बारीक छिद्र पाडतात, आतली ओल सुकवतात आणि छोटं बूच लावतात. काच पुन्हा स्वच्छ. ड्रिल घरी असेल तर करून पाहा.

काचकाम_अमरावती (११:४६)
कृपा करून हे करू नका. तुमची काच टफन, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली, असू शकते. टफन काचेला नंतर छिद्र पाडता येत नाही, ड्रिल टेकवलं की पूर्ण काचेचा चुरा होतो. डोळ्यात गेला म्हणजे? साध्या काचेला छिद्र पाडून धुकं जाईलही, पण सील फुटलेलंच राहतं आणि ओघळ पडले असतील तर ते तसेच राहतात.

नवघर_यवतमाळ (११:५०)
व्हिडिओत तर नीट झालं होतं. आणि तुम्ही काच विकता, तुम्ही काच बदलाच म्हणणार.

काचकाम_अमरावती (११:५८)
सातऐवजी दोन बदला म्हणतो आहे. विकायचंच असतं तर गप्प बसलो असतो.

निवृत्त_ओव्हरसीअर (दुपारी १२:३५)
सर्वांना नमस्कार. काचेबद्दल वरचे सांगताहेत ते योग्य आहे, पण भिंतीकडे कोणी पाहिलं नाही म्हणून लिहितो. हिंगणघाटकडे काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हातभर खोल भेगाळते. पाया उथळ असला किंवा प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीची काँक्रीटची तुळई) नसला तर तिच्याबरोबर भिंत हलते आणि खिडकीची चौकट काटकोनात राहत नाही. मग पल्ला घासतो, कडी बसत नाही आणि लोक खिडकीला दोष देतात. नवी खिडकी बसवली तरी दोन पावसाळ्यांत तीच गत.

मॅडम, टेपनं प्रत्येक चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, या कोपऱ्यापासून तिरपं त्या कोपऱ्यापर्यंत. फरक २-३ मिलिमीटर असेल तर सोडून द्या. १० च्या पुढे असेल तर आधी भिंत. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली आहे का, तेही पाहा.

संत्राबाग_वरूड (१२:५०)
गारपिटीचा विचार केला का कोणी? २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात गारा पडल्या तेव्हा आमच्या बागीतला मृग बहार तर गेलाच, घराच्या पश्चिमेच्या काचाही गेल्या. अंबिया बहार पुढं तीन वर्षं धड आला नाही. झाडाच्या सालीला मार लागला की डिंक्या शिरते, मग

पळसफूल (१२:५४)
दादा, संत्र्यासाठी वेगळा धागा काढा. ताई वाट पाहून राहिल्या आहेत.

वणाकाठ (बुधवार, सकाळी ९:४०)
सगळं मोजलं. घाईत नीट लिहिलं नव्हतं, आता लिहिते.

काल खिडकीवाल्याला विचारलं की बाकीच्या पाचांत काय बिघडलंय. तो म्हणाला, आज ना उद्या बिघडणारच. ॲडव्हान्स देणार नाही म्हणून सांगितलं.

धूसर दोन्ही पश्चिमेच्या, बाबांच्या खोलीतल्या. बोट दोन्हीकडून कोरडं. धुकं मधातच आहे, खाली दाट, वर विरळ, आणि खालच्या कडेला तांदळाच्या धुवणासारखे दोन ओघळ सुकलेले. फिल्म नाही. वास्तू २०१३ ची, पण टॉर्च तिरपी धरून पाहिलं तर काचांमधल्या चंदेरी पट्टीवर बारीक अक्षरात ०८ १२ छापलेलं आहे, म्हणजे काच ऑगस्ट २०१२ ची असावी.

घट्ट न लागणारी खिडकी तिसरीच आहे, स्वयंपाकघराची, नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातली. तिची काच अगदी स्वच्छ. कर्णांत ११ मिलिमीटरचा फरक. कोपऱ्यातून भेग निघाली आहे, पुट्टीखाली झाकलेली होती, बोटानं दाबल्यावर पुट्टी सुटली.

घाई का होती तेही सांगते. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीआधी झालं. ते दिवसभर त्या पश्चिमेच्या खिडकीशी खुर्ची टाकून शेताकडे पाहत बसतात. महिनाभर म्हणताहेत, डोळ्यावर पुन्हा पडदा आला, डॉक्टरनं नीट केलं नाही. मीही घाबरले होते. परवा त्यांना ओट्यावर बसवलं तर कडुलिंबावरचा पोपट त्यांनीच मला दाखवला. तेव्हा कळलं, डोळा चांगला आहे, काच आंधळी आहे.

आता या दोनच खिडक्या का गेल्या? बाकीच्याही तेव्हाच्याच आहेत.

काचकाम_अमरावती (१०:१०)
बाबांची काच आधी बदला, बाकी सगळं नंतर.

पश्चिमेचं ऊन हे एक कारण. पण खाली दाट धुकं आहे म्हणता, म्हणजे काच पाण्यात उभी असावी. बाहेरून चौकटीच्या खालच्या पट्टीवर पाणी निघायला दोन-तीन लांबट भोकं असतात. ती मोकळी आहेत का?

वणाकाठ (१०:३१)
भोकं बंद आहेत!! दोन वर्षांपूर्वी रंग काढला तेव्हा त्या भोकांत कुंभारीण माशीनं मातीची घरं केली होती. रंगाऱ्यानं माती काढून पांढरं सिलिकॉन भरून दिलं, पुन्हा माशी यायला नको म्हणून. मीच हो म्हटलं होतं. इतर खिडक्यांना छज्जा मोठा आहे, तिथं माशी नव्हती, म्हणून त्या भरल्या नाहीत.

काचकाम_अमरावती (१०:३८)
मग हेच. पावसाचं पाणी रबराच्या बाजूनं थोडं आत येतंच, ते बाहेर जायला ती भोकं. बंद केली की पाणी खाचेत साचतं, खालची कड त्यात भिजत राहते आणि सील कुजतं. सिलिकॉन कापून काढा, सायकलच्या तारेनं भोक साफ करा. माशीसाठी बारीक स्टीलची जाळी लावा, पाणी जाईल आणि माशी येणार नाही. नवी काच बसवताना खाली प्लॅस्टिकचे ठोकळे ठेवायला लावा, काच खाचेत थेट टेकता कामा नये.

आवाजाचं वेगळं आहे. मधात धुकं आल्यानं आवाज वाढत नाही, फटीनं वाढतो. पल्ला आणि चौकट यांच्यामध्ये वहीचा कागद धरून कडी लावा आणि कागद ओढा. सरकन निघाला तर तिथलं रबर कडक झालं आहे. उदबत्ती कडेनं फिरवली तर धूर कुठं वळतो तेही दिसेल. रबर बदलणं स्वस्त काम आहे.

आणि काच मागवण्याआधी रात्री काचेसमोर दिवा धरा. चार ज्योती दिसतील. त्यातली एक वेगळ्या रंगाची दिसली तर लो-ई थर आहे, तशीच काच मागवा. पूर्ण जाडीही मोजून द्या, काच-पोकळी-काच मिळून.

निवृत्त_ओव्हरसीअर (११:२०)
स्वयंपाकघराच्या खिडकीला सध्या हात लावू नका. भेगेवर काचेची बारीक पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटनं पक्की करा आणि बाजूला तारीख लिहा. पट्टी तुटली तर भिंत अजून हलते आहे. एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाहू द्या. त्या कोपऱ्याशी भांडी घासायचं पाणी किंवा सांडपाणी मुरतं का?

वणाकाठ (११:३४)
हो. मोरीचं पाणी तिथंच केळीला सोडलं आहे.

निवृत्त_ओव्हरसीअर (११:४१)
केळी दुसरीकडे लावा. पाणी पाइपानं भिंतीपासून निदान १० फूट लांब न्या. ते आजच करा.

संत्राबाग_वरूड (११:५५)
ताई, बाबाच्या खिडकीला बाहेरून वाळ्याचा ताटा नक्की बांधा. नव्या काचेलाही ऊन कमी लागेल. आता तर काचवाले भाऊही नाही म्हणणार नाहीत.

काचकाम_अमरावती (१२:००)
नाही म्हणणार नाही. फक्त दुपारी पाणी मारताना चौकटीची भोकं उघडी आहेत ना ते पाहा, आणि बाबांना सकाळी शेत दिसू द्या, ताटा गुंडाळता येईल असा बांधा.

वणाकाठ (रविवार, दुपारी ४:१५)
सिलिकॉन कापून तार घातली तर काळं पाणी आलं, जवळपास तांब्याभर, कुबट वासाचं. वर्ध्याहून काचवाला आला. बीडिंग काढली, खालची कड बोटाला गुळासारखी मऊ लागली. काच टफनच निघाली. दिव्याच्या चारही ज्योती एकाच रंगाच्या, म्हणजे साधी डबल काच. ६+१२+६, एकूण २४. दोन्ही खिडक्यांच्या काचा बसवून ९ हजार ४००, दहा दिवसांनी मिळतील. तोवर बाबांची खुर्ची ओट्यावर. केळी हलवली, पट्टी लावली, तारीख लिहिली.

कागद पाच खिडक्यांपैकी तीनमधून सरकन निघाला. रबर मीटरवर मिळतं का, की त्याच कंपनीचं लागतं?

काचकाम_अमरावती (४:४०)
मीटरवर मिळतं, पण प्रत्येक सेक्शनचं (चौकटीच्या पट्टीच्या घडणीचं) रबर वेगळं असतं, फोटोवरून आणू नका. पल्ल्याच्या वरच्या बाजूचं दोन इंच कापून दुकानात घेऊन जा आणि शेजारी धरून पाहा. वरच्या बाजूचं अशासाठी की तिथं ऊन कमी लागतं, मूळ आकार टिकलेला असतो. बसवताना ओढून ताणू नका, कोपऱ्यात थोडं सैल सोडा, नाही तर उन्हाळ्यात आकसून कोपरे उघडे पडतात.